नकाशा स्वस्त, फेरी महाग: दुर्गम भागात आर्किटेक्ट म्हणून टिकायचं कसं?

आजचा विषय माझ्या अगदी रोजच्या कामाचा आहे. आर्किटेक्चरच्या चौथ्या-पाचव्या वर्षाला असलेली मुलं-मुली मला एक प्रश्न हमखास विचारतात, "ताई, शिक्षण झाल्यावर गावी जाऊन प्रॅक्टिस करता येईल का, की उपाशी मरायची वेळ येईल?"

मी तळकोकणात, सह्याद्रीच्या पायथ्याशी काम करते. या प्रश्नाचं माझं उत्तर आधीच सांगून टाकते. कामं भरपूर आहेत. अडचण आहे ती कशाचे पैसे घ्यायचे याची. शहरातला आर्किटेक्ट नकाशाचे पैसे घेतो. तीच पद्धत जशीच्या तशी डोंगरात घेऊन गेलात, तर दोन वर्षांत गाशा गुंडाळावा लागेल. आणि पद्धत बदललीत तर टिकाल, शिवाय ज्या लोकांपर्यंत आपला व्यवसाय कधी पोचलाच नाही त्यांच्या उपयोगी पडाल. आज हेच जरा सविस्तर बोलू या.

दुर्गम म्हणजे काय?

पहिलं म्हणजे, दुर्गमपणा किलोमीटरमध्ये मोजू नका, तासांत मोजा. साठ किलोमीटर म्हणजे एक्सप्रेसवेवर पाऊण तास. घाटात, साकव, कच्चा रस्ता आणि वाटेत एखादा बंद पडलेला ट्रक धरून तेच अडीच तास होतात. शेवटच्या दोन किलोमीटरला डंपर जात नाही. तिथे वाळू ट्रॅक्टरमध्ये भरायची, पुढे डोक्यावरून न्यायची. म्हणजे एक ब्रास वाळू तीनदा चढवली आणि तीनदा उतरवली जाते, आणि प्रत्येक वेळेला मजुरी लागते.

दुसरी गोष्ट, मोसम. आमच्याकडे जून ते सप्टेंबर उघड्यावरचं काम जवळपास बंद. दसऱ्यानंतर काम सुरू होतं आणि मेअखेर छप्पर चढलं पाहिजे. नाही चढलं तर भिंती चार महिने पावसात भिजणार. शहरात काम महिनाभर लांबलं तर व्याज वाढतं. इथे महिनाभर लांबलं तर काम वर्षावर जातं.

तिसरी गोष्ट, माणसं. गावातली तरुण मंडळी मुंबईला. जुना सुतार थकलेला, त्याचा मुलगा डोंबिवलीत. गवंडी बहुतेकदा बाहेरच्या राज्यातून आलेले. त्यांचे हात विटेला सरावलेले आणि इथे काम चिऱ्याचं.

आणि चौथी गोष्ट, जी कॉलेजात कुणी शिकवत नाही. ज्याचं घर आहे तो गावात राहतच नाही! तो चाकरमानी. गणपतीत येतो, शिमग्याला येतो. खिडकी कुठे, देव्हारा कुठे, जिना आतून की बाहेरून, हे सगळे निर्णय त्या आठ-दहा दिवसांत. सातबारावर वीस नावं. त्यातले दोन काका बोलत नाहीत, एक आत्या अहमदाबादला. त्यामुळे कधी कधी आर्किटेक्टचं पहिलं काम म्हणजे आरतीनंतर सगळ्यांना ओटीवर बसवून एकमत करून घेणं. याला कुठलं ड्रॉइंग लागतं, सांगा बरं?

आर्किटेक्टची गरजच काय?

आता थोडं कायद्याचं. आपल्याकडे आर्किटेक्ट्स अ‍ॅक्ट आहे १९७२चा. लोकांचा समज असा, की डॉक्टरकीसारखंच इथेही नोंदणी नसलेल्या माणसाने काम करणं बेकायदा असेल. तसं नाहीये. मार्च २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की हा कायदा 'आर्किटेक्ट' या उपाधीला संरक्षण देतो. इमारतीचं डिझाइन करण्याच्या कामावर त्याने बंदी घातलेली नाही. साध्या भाषेत, नोंदणी नसलेला माणूस स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घेऊ शकत नाही, पण घराचा नकाशा काढू शकतो.

तालुक्याच्या गावात हे रोज दिसतं. नकाशा सिव्हिल इंजिनिअर काढतो, ड्राफ्ट्समन काढतो, ठेकेदार वहीच्या पानावर काढतो. आणि खरं सांगायचं तर बरीच घरं नकाशाशिवाय, "त्यांच्यासारखंच आमचं बांध" एवढ्या एका वाक्यावर उभी राहतात. त्यांच्याशी नकाशाच्या भावात स्पर्धा करायला गेलात तर हरणार. नकाशा इथे जवळजवळ फुकट मिळतो.

मग विकायचं काय? तर निर्णय. योग्य वेळी घेतलेला, घरमालकाचे पैसे वाचवणारा किंवा जीव वाचवणारा निर्णय. एक उदाहरण देते.

स्लॅब आणि वर पत्रा

कोकणात फिरताना तुम्ही हे पाहिलं असेल. जुनं कौलारू घर पाडून सिमेंटचा स्लॅब टाकलेलं घर उभं असतं, आणि त्या स्लॅबवर लोखंडी खांब रोवून पुन्हा निळा नाहीतर लाल पत्रा. एका घराला दोन छपरं! का? कारण स्लॅब गळतो. कोकण किनाऱ्यावर वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. सपाट स्लॅबला कुठे ना कुठे भेग पडतेच. पाणी आतल्या सळीपर्यंत जातं, खारं वारं भर घालतं, सळी गंजून फुगते आणि खालून काँक्रीटचे पोपडे पडतात. मग वर पत्रा येतो.

शहरातून आलेला आर्किटेक्ट हे बघून म्हणतो, "अरेरे, कौलारू घरांचं सौंदर्य गेलं!" आणि तिथेच तो संवाद हरतो. कारण लोकांनी कौलं सोडली ती हौसेने नाही सोडली. दरवर्षी मे महिन्यात शाकारणी करायची, तर वर चढणारा माणूस नाही. माकडं कौलं फोडतात, आणि एक कौल फुटलं तरी सगळा पाऊस घरात. वासे बदलायचे तर चांगलं लाकूड परवडत नाही. वर ३ जून २०२०चं निसर्ग चक्रीवादळ. रायगडमध्ये श्रीवर्धनच्या बाजूला ते किनाऱ्यावर आलं. मंडणगड-दापोलीपर्यंत कौलं नि पत्रे पाचोळ्यासारखे उडाले. त्यानंतर एखादी म्हातारी आजी म्हणाली की मला स्लॅबच हवा, तर तिला सौंदर्यशास्त्र शिकवायचा आपल्याला अधिकार नाही.

इथे आर्किटेक्टचं काम सुरू होतं. आजीला स्लॅब नकोय, तिला न उडणारं आणि न गळणारं छप्पर हवंय. त्यासाठी माहीत असलेले उपाय आहेत. दुपाखी छपरापेक्षा चौपाखी छप्पर वादळात चांगलं टिकतं. भिंतीच्या माथ्यावर काँक्रीटचा सलग पट्टा घालायचा आणि छपराचा सांगाडा त्यात बोल्टने बांधायचा, नुसता टेकवायचा नाही. पडवीचं छप्पर मुख्य छपरापासून वेगळं ठेवायचं, म्हणजे वाऱ्याने पडवी उचलली तरी घर उघडं पडत नाही. माकडांचा त्रास असेल तिथे खाली पत्रा आणि वर कौल. आणि स्लॅब हवाच असेल तर सुरुवातीपासून उतरता टाका. दोन छपरांचा खर्च करण्यापेक्षा एकच नीट करा.

हे सगळं मी सांगते तेव्हा घरमालक कागदाकडे बघत नाही. तो मनात हिशेब करत असतो, दोन छपरांऐवजी एक म्हणजे किती वाचले? हा हिशेब जो मांडून देतो त्याची फी द्यायला माणूस तयार असतो. आमच्या इथला एक जुना गवंडी मला पहिल्याच भेटीत म्हणाला होता, "नकाशो बरो आसा, पण चिरो खयसून येतलो?" नकाशा छान आहे, पण चिरा येणार कुठून? मी तर म्हणेन, दुर्गम भागातल्या प्रॅक्टिसचा अभ्यासक्रम या एका वाक्यात आहे.

किल्लारीने काय शिकवलं

आता कोकणातून जरा मराठवाड्यात जाऊ, कारण चुकीच्या निर्णयाची किंमत तिथे फार मोठी मोजावी लागली. ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनानंतरची पहाट. लातूर-उस्मानाबाद भागात किल्लारीचा भूकंप झाला आणि हजारो माणसं झोपेतच गाडली गेली. घरं दगड-मातीची होती. जाड भिंती, वर मातीचं जड माळवद.

तेव्हापासून लोकांच्या मनात बसलं की दगड वाईट, सिमेंट चांगलं. पण नीट बघितलं तर दोष दगडाचा नव्हता. भिंतीला बाहेरचा एक थर, आतला एक थर आणि मध्ये भर. दोन थरांना एकत्र बांधणारा आरपार दगड नाही. जमीन हलली तशी भिंत उभी फाटली आणि दोन्ही थर वेगळे होऊन ढासळले. ठराविक अंतरावर भिंतीच्या पूर्ण जाडीचे लांब दगड घालणं, कोपरे नीट गुंफणं, दारं-खिडक्यांच्या वर सलग पट्टा फिरवणं, छपरावरची माती कमी करणं, एवढ्या गोष्टींनी दगडी घर बरंच सुरक्षित होतं. यातली कुठलीही गोष्ट फार महाग नाही. ती माहीत असणारा माणूस गावात असायला हवा होता.

भूकंपानंतर ५२ गावं दुसऱ्या जागी नव्याने वसवली. सरळ रस्ते, रांगेतली घरं. शेकडो गावांत जुनीच घरं दुरुस्त आणि मजबूत करायचा कार्यक्रमही झाला. पण विचार करा, जे ज्ञान आपत्तीनंतर गावात पोचलं, ते आधी पोचायला काय लागलं असतं? तालुक्याला एखाद-दोन जाणती माणसं, जी गवंड्यांबरोबर उभी राहतील. दुर्गम भागात आर्किटेक्ट नसल्याचा तोटा असा दिसतो. एरवी तो दिसत नाही, म्हणून कुणी मोजत नाही.

फीचं गणित

ठीक आहे, सेवाभाव वगैरे झालं. पोटाचं काय? चला, आकडे मांडू. हे समजण्यासाठी घेतलेले आकडे आहेत, तुम्ही तुमचे घालून बघा.

समजा १५ लाखांचं घर आहे आणि तुमची फी ५ टक्के, म्हणजे ७५ हजार. साईट ६० किलोमीटरवर, जाऊन-येऊन १२०. पाया, चौथरा, पट्टा, छप्पर, पाणी-वीज असं सगळं धरून २० फेऱ्या. झाले २,४०० किलोमीटर. गाडीचा खर्च किलोमीटरला १० रुपये धरला तर २४ हजार फक्त जाण्या-येण्यात. उरले ५१ हजार. त्यात २० पूर्ण दिवस रस्त्यावर आणि साईटवर. ड्रॉइंगचे दिवस वेगळे, आणि पैसे पावसाळा ओलांडून दीड वर्षात येणार. असली कामं वर्षाला चार केली तर तुम्ही प्रॅक्टिस करत नाही, प्रवास करताय.

आणि टक्केवारीत आणखी एक गोम आहे. तुम्ही डोकं चालवून घरमालकाचे दोन लाख वाचवले, तर तुमची फी १० हजारांनी कमी होते! म्हणजे ज्या कौशल्याची इथे सगळ्यात जास्त गरज आहे, त्याचाच तुम्हाला दंड. महागडं बांधणाऱ्याला बक्षीस आणि काटकसरीने बांधणाऱ्याला शिक्षा. ही पद्धत दुर्गम भागात चालूच शकत नाही.

म्हणून मी फीचे तीन तुकडे करते.

पहिला, पाहणी आणि सल्ला. जागा बघणं, माती-पाणी-उतार, जवळची चिरेखाण, रस्ता कुठपर्यंत, सातबारा कसा आहे, जुन्या घरातलं काय परत वापरता येईल. याचे ठराविक पैसे, आणि तेही आधी. पुढे काम मला नाही दिलं तरी चालेल. हा सल्ला स्वतःच एक पूर्ण वस्तू आहे.

दुसरा, ड्रॉइंग. आकारमान आणि गुंतागुंत बघून ठोक रक्कम. बांधकामाचा खर्च वाढो की कमी होवो, ही रक्कम तीच.

तिसरा, फेरी. दर फेरीचा दर ठरलेला. कुठल्या पाच-सहा फेऱ्या टाळताच येणार नाहीत ते मी आधीच लिहून देते. पाया भरण्याआधी, पट्टा ओतण्याआधी, छपराचा सांगाडा बांधताना वगैरे. बाकीच्या हव्या असतील तर बोलवा, पैसे द्या. गंमत म्हणजे असं केल्यावर घरमालकच विचारतो, "ही फेरी फोटोवर भागेल का?" मग तो मोबाईलवर नीट फोटो पाठवायला शिकतो. मोजपट्टी फोटोत दिसली पाहिजे, ओळंबा लावलेला दिसला पाहिजे. नेटवर्क नसेल तर संध्याकाळी टेकडीवर जाऊन पाठवा.

शिवाय एक नियम पाळा. एका रस्त्यावरची कामं एकत्र घ्या. त्या बाजूला तीन कामं असतील तर एका दिवसात तिन्ही होतात आणि गाडीखर्च वाटला जातो. लांब कुठेतरी एकटंच काम असेल तर कितीही मोह झाला तरी दोनदा विचार करा.

ड्रॉइंग कुणासाठी?

शहरात ड्रॉइंग हा करार असतो, भांडण झालं तर पुरावा. इथे ड्रॉइंग म्हणजे गवंड्याशी बोलणं. तो फूट-इंचात विचार करतो, तुम्ही मिलिमीटरमध्ये दिलंत तर तो मान डोलावेल आणि आपल्याला हवं तेच करेल. म्हणून फूट-इंचात द्या, मराठीत लिहा, आणि त्याची भाषा हिंदी असेल तर हिंदीत. कागद लॅमिनेट करा, नाहीतर पहिल्याच अवकाळी पावसात लगदा. जिन्याच्या पायऱ्या नाहीतर छपराचा जोड समजत नसेल तर जमिनीवर खडूने खऱ्या मापात आखा. एका सरळ काठीवर चौथऱ्यापासून खिडकी, लिंटेल, पट्टा अशा खुणा करून ती काठी साईटवरच ठेवा. तुम्ही नसताना ती काठी तुमचं काम करते.

हे काही मी शोधून काढलेलं नाही. लॉरी बेकर तुम्हाला माहीत असतील. जन्म १९१७, इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचे. १९४५ मध्ये भारतात आले आणि केरळला जाण्याआधी कित्येक वर्षं हिमालयात, पिठोरागडला राहिले. हातातली डिग्री तिथे फारशी कामाची नव्हती. मग गावकरी कसे बांधतात ते पाहून ते शिकले. त्यांच्या कामात साईटवर उभं राहून कारागिराबरोबर घेतलेले निर्णय फार महत्त्वाचे. विटा उभ्या लावून मध्ये पोकळी ठेवणारी 'रॅट ट्रॅप' बांधणी त्यांनी खूप वापरली, त्यात सुमारे २५ टक्के विटा वाचतात.

आता यातून शिकायचं काय? मी कोकणात रॅट ट्रॅप बांधायला गेले तर तो मूर्खपणा ठरेल, कारण इथे वीट बाहेरून येते आणि चिरा शेजारच्या खाणीत मिळतो. बेकरांची वीट उचलायची नाही, त्यांची सवय उचलायची. आधी बघा जवळ काय मिळतं, मग पेन उचला.

बाहेरचे दोन धडे, घरचा एक

पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासो देशात गांडो नावाचं खेडं आहे. तिथला मुलगा फ्रान्सिस केरे बर्लिनला आर्किटेक्चर शिकायला गेला. शिकत असतानाच त्याने गावच्या शाळेसाठी पैसे गोळा केले आणि २००१ मध्ये शाळा उभी राहिली. मातीत थोडं सिमेंट मिसळून बनवलेल्या विटा, आणि वरचा पत्रा भिंतींपासून उंच उचललेला, म्हणजे गरम हवा मधून निघून जाते. बांधलं गावकऱ्यांनीच. या शाळेला २००४ मध्ये आगा खान पुरस्कार मिळाला, आणि २०२२ मध्ये केरेंना प्रित्झकर. पण मला यातली महत्त्वाची गोष्ट वेगळी वाटते. इमारत झाली आणि हुन्नर गावात राहिलं. बांधायला शिकलेल्यांच्या हाताला काम लागलं.

दुसरा धडा अमेरिकेतला. अलाबामातल्या हेल काउंटी या गरीब, ग्रामीण भागात ऑबर्न विद्यापीठाचा रुरल स्टुडिओ १९९३ पासून चालतो. विद्यार्थी तिथे राहून खऱ्या माणसांसाठी खरी घरं बांधतात. २००५ पासून त्यांनी ठरवलं, साहित्य आणि मजुरी धरून २० हजार डॉलरांत चांगलं घर बसवायचं. त्यांना पुढे कळलं की स्वस्त, सुंदर घराचं डिझाइन हा प्रश्नाचा एक भाग झाला. कर्ज कोण देणार, विमा कोण उतरवणार, नियमांत कसं बसणार, हेही डिझाइनइतकंच सोडवावं लागतं. आपल्याकडच्या सातबाऱ्यासारखंच ना?

आणि घरचा धडा गडचिरोलीचा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने शोधग्रामला दवाखाना उभारायच्या आधी आदिवासींनाच विचारलं, तुम्हाला दवाखाना कसा हवा? मोठ्या इमारतीची लोकांना भीती वाटत होती, आणि आजारी माणसाजवळ नातेवाईकांना राहायचं होतं. म्हणून तो दवाखाना गावासारखा, झोपड्यांच्या रूपात बसवला आणि त्याला दंतेश्वरी देवीचं नाव दिलं. तुमच्या आवडत्या फोल्डरमधल्या कितीतरी चकचकीत इमारतींपेक्षा मला हे आर्किटेक्चर मोठं वाटतं. दवाखाना बांधला आणि लोक आलेच नाहीत, तर ती इमारत कसली?

संधी कुठे आहेत?

एक, घरकुल. प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीण २०१६ला सुरू झाली. सपाट भागात घरामागे १ लाख २० हजार, डोंगराळ आणि दुर्गम भागात १ लाख ३० हजार रुपये, आणि घर किमान २५ चौरस मीटरचं. घर लाभार्थ्याने स्वतः बांधायचं असतं. एवढ्या पैशांत आर्किटेक्टची फी बसत नाही, ती मागूही नये. पण गावात तीस घरकुलं होणार असतील तर ग्रामपंचायत, एखादी संस्था किंवा एखाद्या कंपनीचा सामाजिक निधी तुम्हाला सगळ्यांसाठी मिळून काम देऊ शकतो. दोन-तीन नमुने, गवंड्यांचं प्रशिक्षण, साहित्याची एकत्र खरेदी. तीस घरांच्या सिमेंटची एक गाडी मागवली तरी फरक पडतो.

दोन, दुरुस्ती. कोकणात रिकामी जुनी घरं ढीगभर आहेत. पाडून नवं बांधण्यापेक्षा संडास-बाथरूम आत आणणं, स्वयंपाकघरात उजेड आणणं, सांगाडा बदलणं हे कमी खर्चाचं आणि एका मोसमात संपणारं काम. ठेकेदाराला दुरुस्तीत रस नसतो, म्हणून ही जागा मोकळी आहे. होमस्टे करणाऱ्यांना तर नेमकं हेच हवं असतं.

तीन, बांबू. २०१७ मध्ये वन कायद्यात दुरुस्ती झाली आणि जंगलाबाहेर लावलेला बांबू 'झाड' या व्याख्येतून निघाला, त्यामुळे तोड-वाहतुकीचं झंझट कमी झालं. सिंधुदुर्गात शेताच्या बांधावर माणगा बांबू भरपूर आहे. कुडाळला बांबूवर काम करणारं केंद्रही आहे. बोरॅक्स-बोरिक अ‍ॅसिडची प्रक्रिया करून, पावसापासून आणि जमिनीच्या ओलीपासून वाचवून वापरला तर बांबू टिकतो. प्रक्रियेविना वापरलात तर भुंगा खाणार आणि नाव तुमचं खराब होणार.

चार, अंगणवाड्या, शाळा, उपकेंद्रं. इथे टेंडरची वाट लांब आहे आणि बिलं उशिरा निघतात. सगळा डोलारा यावर उभा करू नका, पण डोळे उघडे ठेवा.

आणि पाचवी संधी, जिच्याबद्दल मी सावधपणे बोलते. शहरातल्या लोकांचे डोंगरावरचे बंगले. पैसा इथे आहे, नाकारण्यात अर्थ नाही. माझ्याही ऑफिसचं भाडं अशा कामांतून निघतं. पण वर्षभर तेवढंच केलंत तर गावात राहूनही तुम्ही शहरातलीच प्रॅक्टिस कराल. शिवाय उतार कापून, ओहोळ बुजवून, खालच्या वाडीचं पाणी तोडून बंगला बांधायला कुणी सांगितलं, तर नाही म्हणता आलं पाहिजे. तुम्हाला त्याच गावात राहायचंय, त्याच दुकानात साखर आणायचीय.

सुरुवात करणाऱ्यांसाठी

गावी गेल्या गेल्या ऑफिस थाटू नका. आधी एक पूर्ण पावसाळा तिथे काढा. पाणी कुठून येतं, कुठली भिंत भिजते, कुठला रस्ता तुटतो, हे नकाशावर कळत नाही. दहा जुनी घरं मोजा, काढा, घरच्यांशी बोला. चिरेखाणी, सुतार, गवंडी, ट्रॅक्टरवाले यांची यादी आणि दर एका वहीत लिहा. ती वही म्हणजे तुमचं खरं भांडवल.

स्ट्रक्चरल इंजिनिअर जोडीला ठेवा. लांब आहे, घर छोटं आहे म्हणून ते टाळू नका. आणि साईट न बघता कुणाच्या कागदावर सही करू नका, ओळखीचा असला तरी.

सहा-आठ महिन्यांचा खर्च गाठीशी ठेवा. काही मित्र शहरातल्या ऑफिसांची ड्रॉइंगं घरून करून देतात आणि त्यावर पहिली दोन वर्षं काढतात. वाईट नाही, फक्त आठवड्याचे तीन दिवस साईटसाठी राखून ठेवा. आणि एकटेपणा येतो हे धरून चाला. आजूबाजूच्या तालुक्यांतले दोघं-तिघं शोधा, महिन्यातून एकदा एकमेकांच्या साईटवर भेटा.

शेवटचं. शहरात तुमच्याआधी शंभर आर्किटेक्ट असतात आणि तुम्ही गेलात तरी शहराचं काही अडत नाही. तालुक्यात तुम्ही बहुधा पहिले किंवा दुसरे असाल. एका छपराचा बोल्ट नीट बसला, एका भिंतीत आरपार दगड पडला, तर पुढच्या वादळात नाहीतर भूकंपात ते घर उभं राहील. आत झोपलेल्या माणसांना तुमचं नाव माहीत नसेल, हरकत नाही. फेरीचे पैसे मात्र वेळेवर घ्या, म्हणजे पुढच्या घरापर्यंत पोचता येईल.

तुमच्यापैकी कुणी असं काम सुरू केलं असेल किंवा करायचा विचार करत असेल, तर व्हॉइस मेसेज नक्की पाठवा. तुमच्या भागात काय मिळतं, काय मिळत नाही ते सांगा, त्यावर एक वेगळा भाग करू. तोवर नमस्कार!